पडद्यामागचा चालक : संगणकाचे चित्र आणि त्याची खुली आज्ञावली

मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर वर्षातून चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा असतो. खिडकीचे गज, सायकलच्या साखळ्या, छपराचे पत्रे यांचे आयुष्य येथे घाटमाथ्यावरील गावांपेक्षा कमी असते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील संगणक याला अपवाद असण्याचे कारण नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक शाळांची छपरे उडाली आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. अशा मुलखात यंत्र टिकवावयाचे म्हणजे ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करणे, एका निकामी संगणकाचा भाग दुसऱ्यास जोडणे, हे ओघानेच आले.

मात्र भाग जोडला म्हणून यंत्र पूर्ववत चालतेच असे नाही. संगणक सुरू होतो, परंतु पडद्यावरील अक्षरे भलतीच मोठी दिसतात. खिडकी सरकवली तर ती रेंगाळत सरकते. वर्गातील प्रक्षेपकावर चित्र उमटतच नाही. दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ बराच वेळ खटपट करतो आणि 'याचा ड्रायव्हर आता मिळत नाही' असे सांगून नवीन संगणक घेण्याचा सल्ला देतो. लोखंड, तांबे, सिलिकॉन सारे जागच्या जागी असताना केवळ एका आज्ञावलीअभावी सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू अडगळीत जाते. ही आज्ञावली काय असते, ती कोण घडवितो आणि ती खुली असल्याने काय फरक पडतो, हे समजून घेणे संगणक खरेदीच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने उपयुक्त ठरावे.

पडद्यावर अक्षर कसे उमटते

आजच्या सर्वसाधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी चार बाइट धरले तर एका चित्रास ८२,९४,४०० बाइट लागतात. पडदा हे चित्र सेकंदाला साठ वेळा रंगवितो. याचा अर्थ, ग्रामसेवक समोरच्या नमुन्यातील एक ओळ वाचीत स्वस्थ बसला असतानाही दर सेकंदास जवळजवळ पन्नास कोटी बाइट पडद्याकडे जात असतात.

हे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाने स्वतः करावयाचे ठरविले तर त्यास इतर कामांस पुरेसा वेळ उरणार नाही. म्हणून चित्रासाठी वेगळा भाग असतो. त्यास ग्राफिक्स प्रक्रियक म्हणतात. हा भाग अतिशय वेगवान, परंतु स्वतःच्या बुद्धीने काहीही न करणारा. त्याची आज्ञांची भाषा वेगळी. एवढेच नव्हे, तर प्रत्येक कंपनीच्या आणि पुष्कळदा प्रत्येक पिढीच्या प्रक्रियकाची भाषा निराळी. 'येथे देवनागरी अक्षर काढ', 'ही खिडकी त्या खिडकीच्या वर ठेव' या सर्वसामान्य मागण्यांचे त्या विशिष्ट यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी जी आज्ञावली, ती ग्राफिक्स ड्रायव्हर. तिला मराठीत चालक आज्ञावली म्हणता येईल. पण बाजारात आणि कार्यालयात सारे ड्रायव्हरच म्हणतात, तेव्हा तोच शब्द येथे ठेवला आहे.

तिची कामे मुख्यतः दोन. पहिले काम पडद्याशी बोलण्याचे. पडदा किंवा प्रक्षेपक जोडला की तो तारेतूनच १२८ बाइटांची एक छोटी माहितीपत्रिका पाठवितो; आपण किती ठिपक्यांचे, किती वेगाने रंगविणारे, हे तीत नमूद असते. ड्रायव्हर ती वाचून योग्य मापाचे चित्र पाठवितो. शाळेतील प्रक्षेपकावर चित्र न उमटण्याचे एक नेहमीचे कारण या पत्रिकेच्या वाचनातील गोंधळ हे असते. चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसू नये म्हणून ड्रायव्हर स्मृतीत दोन चित्रे ठेवतो. एक प्रेक्षकांसमोर असते, दुसरे तयार होत असते आणि पडद्याचे एक रंगकाम संपून दुसरे सुरू होण्याच्या क्षणी त्यांची अदलाबदल होते. नाटकात अंधार करून नेपथ्य बदलावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरे काम अधिक अवघड. नकाशा, त्रिमितीय आकृती, चलच्चित्र, किंवा नुसती गुळगुळीत सरकणारी खिडकी यांसाठी ग्राफिक्स प्रक्रियकावर लहान लहान आज्ञावल्या चालवाव्या लागतात. त्या आज्ञावल्या सर्वसामान्य भाषेत लिहिलेल्या असतात आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर ड्रायव्हर जागच्या जागी, संगणक चालू असतानाच करतो. म्हणजे ड्रायव्हरच्या पोटात एक संपूर्ण अनुवादक दडलेला असतो. आधुनिक ड्रायव्हरचे आकारमान आणि त्यातील बहुतेक मेहनत या अनुवादकातच आहे.

ड्रायव्हर मिळाला नाही तर चित्र पूर्ण नाहीसे होत नाही. बहुतेक प्रणालींत एक सामान्य, कामचलाऊ सोय असते व चित्र काढण्याचे काम मुख्य प्रक्रियकावर ढकलले जाते. वर वर्णन केलेली मोठी अक्षरे आणि रेंगाळणारी खिडकी ही त्याचीच लक्षणे होत.

बंद पेटीचा अभ्यास

ड्रायव्हर लिहावयाचा तर यंत्राची अंतर्गत माहिती हवी. ती निर्मात्याकडे असते आणि प्रदीर्घ काळ बहुतेक निर्माते ती देत नसत. ते स्वतःचा ड्रायव्हर यंत्रभाषेत, म्हणजे वाचता न येणाऱ्या स्वरूपात देत. कंपनीस त्या यंत्रात रस असेपर्यंत हे ठीक चालते. तो रस संपला की ग्राहकास उपाय राहत नाही. ज्यांना हे मान्य नव्हते अशा तंत्रज्ञांनी मुक्तस्रोत, म्हणजे मूळ संहिता सर्वांस वाचावयास, बदलावयास व वाटावयास खुली असलेले ड्रायव्हर लिहावयास घेतले. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली 'मेसा' या संग्रहाचे काम सुरू केले. लिनक्सवरील बहुतेक खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा वरचा अर्धा भाग आज याच संग्रहात नांदतो. इंटेलने आपल्या चित्रभागासाठी खुल्या ड्रायव्हरची वाट धरली. एएमडीने २००७ साली यंत्राची कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले व तसे केलेही. एनव्हिडिया मात्र दीर्घकाळ बंदच राहिली.

मग तिच्या यंत्रांसाठी खुला ड्रायव्हर झाला कसा? याचे उत्तर समजण्यास रायगडकरांना एक घरचाच दाखला उपयोगी पडेल. अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यानजीकची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील सुया विचलित होणार, म्हणून हे काम लोखंडाचा अंश टाळून बांधलेल्या इमारतीत अलिबागेस आणण्यात आले. कुलाबा व अलिबाग येथे काही काळ एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून दोन जागांतील फरक कळावा आणि जुन्या नोंदींची मालिका तुटू नये. पृथ्वीचे पोट उघडून कोणी पाहिलेले नाही. बाहेर सुई किती हलली, कोणत्या घटनेनंतर हलली, याची धीराने नोंद ठेवून आत काय चालले असावे याचे अनुमान बांधले जाते.

एनव्हिडियाच्या यंत्रांचा अभ्यास नेमक्या याच पद्धतीने झाला. 'नूवो' या नावाने २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रकल्पात कंपनीचाच बंद ड्रायव्हर चालू ठेवून, एखादी लहानशी आकृती काढण्यापूर्वी व काढल्यानंतर यंत्रातील नोंदकोशांत कोणते आकडे बदलले, हे टिपण्यात येई. लाल त्रिकोणाऐवजी निळा काढला तर कोणता आकडा हलला? त्रिकोण दुप्पट मोठा केला तर कोणता? जगभरच्या सामान्य वापरकर्त्यांनी आपापल्या यंत्रावर एक छोटी आज्ञावली चालवून अशा नोंदी पाठविल्या. पुढे ड्रायव्हर आणि यंत्र यांच्यातील प्रत्येक देवघेव टिपणारे साधन लिनक्सच्या गाभ्यातच घालण्यात आले. या नोंदींच्या आधारे लिहिलेला ड्रायव्हर फेब्रुवारी २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३३ या आवृत्तीत समाविष्ट झाला. कंपनीने आपल्या ड्रायव्हरच्या गाभ्यानजीकच्या भागाची संहिता खुली केली ती मे २०२२ मध्ये. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. परंतु एखाद्या अनोळखी लिपीचा शिलालेख अक्षरा-अक्षराने लावणाऱ्या संशोधकांच्या चिकाटीशीच या कामाची तुलना करावीशी वाटते.

बांधणीची रीत

खुल्या ड्रायव्हरचे दोन अर्धे असतात. खालचा अर्धा लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो. स्मृतीची वाटणी, पडद्याचे माप, आणि एकाच वेळी चालणाऱ्या आज्ञावल्यांनी एकमेकींच्या क्षेत्रात शिरू नये याची राखण, ही त्याची कर्तव्ये. वरचा अर्धा मेसामध्ये असतो. अनुवादक तेथे असतो. खालच्या भागातील चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकते, म्हणून तेथे जितके थोडे ठेवता येईल तितके ठेवावे, असा संकेत आहे.

संहिता मुख्यतः सी भाषेत लिहिली जाते. अलीकडे काही नवे भाग रस्ट भाषेत लिहिले जात आहेत. कोणासही बदल सुचविता येतो, पण तो बदल थेट आत जात नाही. लहान लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकडा कशासाठी याच्या स्पष्टीकरणासह तो पाठवावा लागतो. जाणकार तो ओळीओळीने तपासतात, शंका काढतात, परत पाठवितात. शासकीय कार्यालयातील टिपणी वर जाऊन शेऱ्यासह खाली येते, त्याचीच ही आवृत्ती म्हणावी; फरक इतकाच की येथील प्रत्येक शेरा जगास वाचता येतो. तुकडा मान्य झाल्यावर आपोआप चालणाऱ्या हजारो चाचण्या होतात. ठराविक आकृत्या काढून त्या अपेक्षित चित्राशी ठिपका-ठिपका ताडून पाहिल्या जातात. त्यानंतर संकलक नावाची आज्ञावली मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करते आणि तयार झालेला ड्रायव्हर उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांमधून सामान्य संगणकापर्यंत पोहोचतो. शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला यांतील काहीच करावे लागत नाही. जुन्या यंत्रासाठी ड्रायव्हरची तबकडी शोधीत फिरण्याचा प्रसंग येत नाही, कारण ड्रायव्हर प्रणालीबरोबरच आलेला असतो.

मराठीचा पूर्वानुभव

चित्र-यंत्रणा बंद असण्याची किंमत मराठीने पूर्वी मोजलेली आहे. पडद्यावर देवनागरी आणण्याचे काम आयआयटी कानपूर येथे १९८३ पर्यंत बरेच पुढे गेले होते. मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले हे 'जिस्ट' तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेकडे आले. संगणकाच्या पोटात बसवावयाचे एक कार्ड असे त्याचे स्वरूप होते. ते बसविले की त्या काळच्या इंग्रजी आज्ञावल्यांमध्ये, अगदी डीबेससारख्या नोंदी ठेवण्याच्या साधनातही, मराठी लिहिता-वाचता येई. त्या काळी हे थोर काम होते, यात शंका नाही. परंतु ज्या खाचेत हे कार्ड बसत असे ती खाचच पुढील संगणकांतून नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर कार्डाचा उपयोगही संपला. त्यानंतरच्या काळात निरनिराळ्या कंपन्यांच्या खाजगी टंकसंकेतांत लिहिलेली मराठी कागदपत्रे आज त्या टंकाशिवाय उघडली तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अनेक कार्यालयांच्या संगणकांत अशा फायली अद्याप आहेत.

याउलट मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने 'इंडिक्स' प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या खिडकी-प्रणालीतच भारतीय लिप्यांची जुळणी घालण्याचा प्रयत्न केला आणि त्याची संहिता खुली ठेवली. याच संस्थेत र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा टंक रेखाटला. 'कि' लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टंकतो, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. 'सूर्य' मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळणी आज मुख्यतः 'हार्फबझ' हा खुला संग्रह करतो. जुळलेल्या अक्षराचे चित्र ठिपक्यांत उतरवून पडद्यावर ठेवण्याचे शेवटचे काम ड्रायव्हरचे. अक्षरजुळणी ड्रायव्हर करीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. 'ड्रायव्हर घातला की मराठी नीट दिसेल' असे सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतात. कळीपासून पडद्यापर्यंतच्या या साखळीतील एकही कडी बंद असली, तर ती गंजल्यावर बदलता येत नाही, एवढाच आपल्या विषयाशी तिचा संबंध.

खांड आणि डागडुजी

खुल्या संहितेबद्दल एक गैरसमज असा की ती एकदा खुली झाली की कायमची सुरक्षित झाली. पेण, अलिबाग भागातील शेतकऱ्यांस खारबंदिस्तीचा स्वभाव ठाऊक आहे. बांध सर्वांचा असतो, त्याआड प्रत्येकाचे शेत असते. उधाणाच्या भरतीत एका ठिकाणी खांड पडली की खारे पाणी साऱ्यांच्या शेतात शिरते. दरवर्षी कोणी तरी चिखल-दगड घेऊन उभे राहिल्याशिवाय बांध राहत नाही. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने शासनाने या कामाची जबाबदारी घेतली, तीही याचसाठी.

ड्रायव्हरचेही असेच आहे. २०२२ च्या सुमारास मेसाने काही फार जुने ड्रायव्हर मुख्य संग्रहातून काढून वेगळ्या शाखेत ठेवले, कारण त्यांची देखभाल करणारे उरले नव्हते. याउलट २००२ साली बाजारात आलेल्या एटीआयच्या रेडिऑन कार्डांपासूनच्या पिढ्यांचा ड्रायव्हर काही मोजक्या जणांच्या आस्थेमुळे दोन दशकांनंतरही सुधारत राहिला. आपल्याकडील यंत्रांना अधिक जवळचे उदाहरण म्हणजे 'क्रोकस'. इंटेलच्या २०११ सालच्या दुसऱ्या पिढीतील प्रक्रियकांच्या चित्रभागासाठी विंडोज १० करिता कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर काढला नाही. परंतु डेव्ह एअरली या तंत्रज्ञाने खुल्या संहितेचाच आधार घेऊन २०२१ साली इंटेलच्या २००६ पासूनच्या चित्रभागांसाठी हा नवा ड्रायव्हर उभा केला. 'संग्राम' प्रकल्पाच्या काळात ग्रामपंचायतींत आलेल्या संगणकांच्या पिढीचा हा काळ आहे.

दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. अनेक यंत्रांत ड्रायव्हरच्या खाली 'फर्मवेअर' नावाचा आणखी एक थर असतो व तो बहुधा बंदच असतो. एनव्हिडियाच्या २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीच्या स्वाक्षरीचे फर्मवेअर नसल्यास यंत्राचा वेग वाढविताच येत नसे; नूवोचे काम त्यामुळे वर्षानुवर्षे अडून राहिले. तेव्हा 'खुला' या शब्दावर लगेच विसंबू नये; किती खुला, हे विचारावे.

कार्यालयांनी आणि शाळांनी काय पाहावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली. विंडोज ११ जुन्या प्रक्रियकांस अधिकृतपणे स्वीकारीत नाही. त्यामुळे चालू स्थितीतील पुष्कळ संगणक निर्लेखित करण्याचे प्रस्ताव ठिकठिकाणी येणे स्वाभाविक आहे. अशा प्रस्तावावर निर्णय घेण्यापूर्वी एक सोपी तपासणी करावी, असे सुचवावेसे वाटते. लिनक्सचे एखादे वितरण पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करता येतो. आतील प्रणालीस किंवा कागदपत्रांस हात लागत नाही. पडदा पूर्ण मापाचा दिसतो का, चलच्चित्र अडखळते का, प्रक्षेपक जोडल्यास चित्र उमटते का, मुद्रक चालतो का, हे अर्ध्या तासात कळते. कार्यालयाच्या बाबतीत डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे आणि केवळ विंडोजवर चालणाऱ्या आज्ञावल्या यांची खात्री आधी करून घेणे अगत्याचे. ती झाल्याखेरीज चालू कामाचा संगणक बदलू नये. शाळांची अडचण यापेक्षा पुष्कळ कमी आहे. केरळ राज्याने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त आज्ञावल्यांवर आणून अनेक वर्षे झाली, आणि आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सविषयक पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

नवीन खरेदीच्या वेळी निविदेतील एक वाक्य पुरेसे होते : चित्रभागाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये व मेसामध्ये समाविष्ट असावा. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, त्याच्याशीही हे सुसंगतच आहे. विक्रेत्यास यासाठी वेगळा खर्च येत नाही. इंटेल आणि एएमडी यांची सध्याची बहुतेक यंत्रे ही अट पूर्ण करतात. लेखी अट नसेल तर मात्र पुरवठादाराकडे जे शिल्लक असेल ते येते.

राहता राहिला प्रश्न देखभाल करणाऱ्या हातांचा. हे काम परदेशातील मोठ्या कंपन्यांचेच, असे मानण्याचे कारण नाही. २०१८ साली प्रशिक्षण उपक्रमांतून आलेल्या दोन नवोदितांनी 'व्हीकेएमएस' नावाचा एक ड्रायव्हर लिहिला, तो त्याच वर्षी लिनक्समध्ये समाविष्ट झाला. याचे वैशिष्ट्य असे की यास ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. तो कार्ड असल्याचा आभास निर्माण करून त्यावर ड्रायव्हर लिहिण्याची सारी तंत्रे तपासू देतो. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा जिल्ह्यातील कोणत्याही तंत्रनिकेतनात, सी भाषा येत असलेल्या विद्यार्थ्यास साध्या संगणकावर हा अभ्यास सुरू करता येईल. सुरुवात बहुधा लहान दुरुस्तीपासून होते; एखाद्या जुन्या प्रक्षेपकाची १२८ बाइटांची माहितीपत्रिका चुकीची असेल, तर तेवढ्यापुरती नोंद करणारी एक ओळ कर्नलमध्ये घालावी लागते, आणि तसा प्रक्षेपक आपल्याच तालुक्यातील एखाद्या शाळेच्या कपाटात सापडण्याची शक्यता बरीच आहे.